तू खाली बसलीस, अक्का

अक्का,

तू गेलीस त्याच आठवड्यात नंजनगूडचे पाहुणे भेटायला आले होते. काकूनं त्यांना सोफ्यावर बसवलं, डोळ्यांना पदर लावला आणि जे वाक्य ती कधी ना कधी काढणार हे मला ठाऊक होतं, तेच काढलं. "आमच्या घरचं कोण अंथरुणात कुजून नाही गेलं बघा. उभ्या उभ्या जातात. आमची सुमीपण तशीच गेली, वर्गात शिकवता शिकवता, उभ्यानं. घराण्याची खरी मुलगी ती, मत्तेनु, आणखी काय!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी कॉफीचा ट्रे धरून तिथेच उभा होतो. तुझ्यावतीनं चिडावं की रडावं ते कळेना. याच वाक्यावरून तू काकूशी उभं आयुष्य भांडलीस, आणि तुझ्या फोटोवरचा हार सुकायच्या आत तिनं ते तुलाच बहाल केलं. पण मला खरी धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आमची मेघना दारात उभी होती. ते वाक्य ऐकून तिनं नकळत पाठ ताठ केली. तुझी भाची, एकोणीस वर्षांची, तुझ्यासारखीच उंच, तुझ्यासारखीच लांब बोटांची. तिला त्या वाक्याचा अभिमान वाटला, अक्का. मी पाहिलं.

आपल्या घरात मूल पाळण्यात असल्यापासून त्याला सांगतात की आपले पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते. आता फौज गेली, घोडे गेले. मी हेब्बाळच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो आणि कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढतो. तरी खंडेनवमीला कपाटावरची तलवार खाली येते, तिला तेल-कुंकू लागतं आणि पूजा आटोपली की घरातल्या मुलग्यांना स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभं करतात. डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि पेन्सिलीनं रेघ मारायची. अप्पांची रेघ आहे, काकांची आहे, माझी आहे. आपल्याकडे उंची म्हणजे शौर्याची पावती. लांब हात म्हणजे तर विचारूच नको. "अप्पा आजानुबाहू होते" हे सांगताना काकूचा आवाज अजून चढतो.

तुझी रेघ नाही. मी सोळा वर्षांचा होईपर्यंत तू माझ्याहून उंच होतीस आणि दरवर्षी परकर सावरत त्या भिंतीपाशी येऊन उभी राहायचीस. काकू म्हणायची, "सरक गं तू. तुझी उंची मोजायला कशाला पाहिजे, ती दिसतेच की. तीच तर चिंता आहे." तू हसून सरकायचीस आणि मग बराच वेळ मागच्या अंगणात दिसायचीस. तुला बघायला आलेली मंडळी उंबरठ्यावर तुला पाहायची, मुलाकडे पाहायची आणि उपमा खाऊन निघून जायची. आपल्याच घरात तीच हाडं माझ्या अंगावर दागिना आणि तुझ्या अंगावर दोष. तू हे कधी रडून सांगितलं नाहीस, टोमणे मारून सांगितलंस. "रघू, तू उंच आहेस. मी 'जरा जास्तच' आहे."

आणि तो बळेगार आठवतो? दसऱ्याआधी बांगड्या भरायला यायचा. इतर बायका कळवळायच्या. तुझा हात धरला की तो खूश. अंगठा तळव्यात दुमडायचा तो पार पलीकडून बाहेर यायचा, आणि सगळ्यात लहान मापाची बांगडी सर्रकन आत. "काय लोण्याचा हात आहे अम्मा तुमच्या पोरीचा," तो म्हणायचा. आपण सगळे कौतुकानं बघायचो. पुढे तू मला सांगितलंस की अंगठा मुठीबाहेर डोकावतो का, हे डॉक्टर आधी बघतात. लक्षण आपल्या माजघरात दरवर्षी तपासलं जात होतं, फक्त त्याला आपण लोणी म्हणत होतो.

अप्पा गेले तेव्हा तू अजून शाळकरी होतीस. रविवार होता, ते स्कूटर धूत होते. मला फक्त बादली कलंडल्याचा आवाज आठवतो. तुला शब्द आठवत होते. घरात सगळे म्हणत राहिले, छातीत कळ आली, हार्ट अटॅक, संपलं. तू एकटीच म्हणत राहिलीस की अप्पा 'दुखतंय' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "फाटतंय." आधी छातीत, मग पाठीत हात नेत, "सुमी, फाटतंय गं." तू त्यांना बस म्हणालीस. त्यांनी मान हलवली आणि स्कूटरचं हँडल धरून उभे राहिले. आपल्याकडचे पुरुष बसत नाहीत. काका तर नंजनगूडच्या रेल्वेत गेले. गाडीत जागा असूनही दांड्याला धरून उभे होते, असं काकू कितीतरी जणांना सांगते.

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला तू एक दिवस घरी आलीस ती चपला न काढता तशीच आत आलीस. पुस्तकात तुला अप्पांचा शब्द सापडला होता. फाटल्यासारखी वेदना, छातीतून पाठीकडे सरकणारी. उंच, सडपातळ बांधा, लांब हात, लांब बोटं, आणि महाधमनी मुळापाशी फुगलेली. त्या दोषाला कुणा फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. तो रक्तातून उतरतो, मुलग्यांत आणि मुलींत सारखाच. तू भिंतीपाशी गेलीस आणि रेघांवर बोट ठेवत गेलीस. अप्पा, काका, त्यांचे वडील. "रघू, ही शूरांची यादी नव्हे रे," म्हणालीस. 

काकूला समजवायचं काम तू अंगावर घेतलंस आणि तिथे तुझ्यातली मास्तरीण पहिल्यांदा दिसली. तू कपाटातून अप्पांचा जुना कोट काढलास, ज्याचं बाहीतलं अस्तर उसवलेलं होतं. "काकू, हात घाल यात." काकूनं घातला. हात बाहीतून बाहेर येईना, अस्तर आणि कापड यांच्या मधे अडकला. तू म्हणालीस, "हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नळी असते ना, तिला असेच थर असतात. आतलं अस्तर, मधला जाड थर, वरचं कापड. आपल्या घरात मधला थरच कच्चा विणलाय. एक दिवस अस्तर फाटतं आणि रक्त बाहीतून जायचं सोडून अस्तरात घुसतं. पुढे पुढे उसवत जातं. अप्पांचं तेच झालं. काकांचं तेच."

काकूनं हात बाहेर काढला, कोटाची घडी घातली. "सुम्ने उगाच काहीतरी बोलू नको," ती म्हणाली. "शूर माणसं होती. त्यांना काय आजार लावतीस?"

"आजार लावत नाही, होता."

"साकु, सुमी." बास म्हणजे बास. कोट परत कपाटात गेला.

तू सर्जन होशील असं मला वाटत होतं. तू अ‍ॅनाटमी शिकवायला उभी राहिलीस. विचारलं तर म्हणालीस, उसवलेलं शिवणारे पुष्कळ आहेत, कापड ओळखायला शिकवणारं कोणीतरी पाहिजे. तुझी ती लाकडी दांड्याची काळी छत्री म्हैसूरच्या किती डॉक्टरांना आठवत असेल! मूठ वर करून धरायचीस. मुठीचं आखूड टोक हृदयात. तिथून महाधमनी वर चढते, वळते ती ही मूठ, आणि मग हा लांब दांडा पाठीच्या कण्याला चिकटून खाली पोटापर्यंत, तिथे दोन पायांसाठी दोन फाटे. वळणाच्या माथ्यावर तू तुझी तीन बोटं अडकवायचीस, डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या तीन शाखा. जेवणाच्या टेबलावरही ताक घुसळायच्या रवीनं, पळीनं, मिळेल त्यानं तू हे दाखवायचीस. मेघनानं चालायच्या आधी छत्रीच्या मुठीला बोटं अडकवायला शिकून घेतलं होतं.

मला तू कॉलर धरून इकोला, हृदयाच्या सोनोग्राफीला नेलंस. मी म्हणालो होतो, मला काही होत नाही, मी रोज जिने चढतो. "ज्यांना होतं ते काय वेलदोडे खात बसलेले असतात का?" म्हणालीस. माझी महाधमनी फुगली होती, ऑपरेशनच्या रेघेच्या पार पलीकडे. ऑपरेशन झालं. फुगलेला भाग काढून तिथे विणलेल्या कापडाची नळी बसवली आणि तिच्या तोंडाशी धातूची झडप. शुद्धीवर आलो तेव्हा तू उशाशी होतीस. पहिलं वाक्य काय बोललीस? "आता तुझ्यात चांगलं कापड आहे. हे उसवत नाही."

ती झडप वाजते, अक्का. तुला तर माहीतच आहे. नाश्त्याला सगळे बसले की तू हात वर करून सगळ्यांना गप्प करायचीस आणि माझ्याकडे कान करून ऐकायचीस. टिक, टिक. "चालू आहे," असा शेरा मारून मग डोशाला हात घालायचीस. दुपारी माझ्या गोळीच्या वेळेला तुझा फोन यायचा, नमस्कार नाही, चमत्कार नाही, "घेतलीस?" एवढंच. मी चिडायचो. कारखान्यातली पोरं हसायची. आता त्या वेळेला मी फोन टेबलावर उताणा ठेवून बसतो. गोळी घेतो. "घेतली," असं म्हणतोसुद्धा. घरात आता नाश्त्याला कोणी कोणाला गप्प करत नाही, आणि तरी टिकटिक मला पूर्वीपेक्षा मोठी ऐकू येते.

तुझी महाधमनीही फुगलेली होती, पण ऑपरेशनच्या रेघेच्या अलीकडे. दर सहा महिन्यांनी मोजायचीस आणि आकडा मला सांगायचीस, कारण मापं हा माझा धंदा. मी म्हणायचो, करून टाक. तू म्हणायचीस, रेघ ओलांडलेली नाही, अजून चाकूचा धोका जास्त. आषाढातलं मापही तेच होतं, सूतभर फरक नाही. डॉक्टरांचं चुकलं नाही, तुझं चुकलं नाही. कधी कधी रेघेच्या अलीकडेच फाटतं, हेही तूच मला शिकवलं होतंस. आमच्या कारखान्यात मापात बसलेला भाग तुटला तर आम्ही सगळे एकत्र बसून कारण शोधतो. इथे कोणाबरोबर बसू?

आपला दुसरा वाद मात्र अर्धाच राहिला. ऑपरेशननंतर मला ती भिंत नजरेसमोर नको होती. मी चुना आणून ठेवला होता. तू डबा उचलून जिन्याखाली टाकलास. "भिंत राहू दे. खंडेनवमीला मोजणंही राहू दे. फक्त मुलींनापण उभं करायचं आणि हातही मोजायचे. दोन्ही हात पसरून, या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत. हात उंचीपेक्षा लांब भरले, की त्याच आठवड्यात इको."

"सणाच्या दिवशी दवाखाना कशाला आणतेस, अक्का?"

"आयुधपूजा ना रे? सगळे आपापलं हत्यार पूजतात. तू मापाचं गेज पूजतोस, तुझी बायको शाळेचा खडू पूजते. माझं हत्यार टेप."

काकूचं म्हणणं वेगळं होतं. "मेघनाला नको. मुलीचं लग्न व्हायचंय. इथं आपली माणसं मूठभर. नजरबादमध्ये शिंकलं तर संध्याकाळी सगळ्यांना सर्दी माहीत." आणि मेघना कानावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, बेडा, नको! काही निघालं तर व्हॉलीबॉल बंद करशील तू. मला काही होत नाही." माझंच वाक्य, माझ्याच पोरीच्या तोंडून. सज्ञान मुलीला हात धरून कसं न्यायचं? तू तिच्याकडे पाहिलंस, छत्री खुंटीला अडकवलीस आणि म्हणालीस, "आयतु, ठीक आहे. खंडेनवमीला बघू." ती खंडेनवमी यायची होती.

तू गेल्यानंतर मग तुझी एक विद्यार्थिनी आली. हासनची मुलगी, बारीक, डोळे सुजलेले. काकूला वाटलं, आणखी एक भेटायला आलेली. तिनं तुझी छत्री आणली होती. वर्गात राहिली होती म्हणाली. ती कन्नडमध्ये सांगत होती आणि मी खुर्चीची कड धरून ऐकत होतो.

ती म्हणाली, मॅडम छत्री धरून कमान शिकवत होत्या. तीन बोटं अडकवली आणि थांबल्या. आम्हाला वाटलं, प्रश्न विचारणार. मग त्यांनी छातीवर हात ठेवला, तो हळूहळू मागे पाठीकडे नेला. मुलं उठली, तर म्हणाल्या, गडबड नको, मला बसू द्या. स्टूल ओढलं आणि बसल्या. मग अगदी वर्गातल्याच आवाजात म्हणाल्या, नीट ऐका. हा हार्ट अटॅक नाही. कोणी मला रक्त पातळ करणारी गोळी देऊ नका. अ‍ॅम्ब्युलन्सला सांगा, महाधमनी फाटते आहे, घरात आहे आमच्या, ऑपरेशन लागेल. हे दोनदा म्हणून घेतलं आमच्याकडून. मग म्हणाल्या, मी आडवी होते. आणि आडव्या झाल्यावर म्हणाल्या, "ती छत्री कोणीतरी धरा, पायात येईल."

तिथे मी हसलो, अक्का. हसता हसताच फुटलो. ती बिचारी घाबरून उठली.

त्यामुळेच तू ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जिवंत पोचलीस. डॉक्टरांनी मला तेच सांगितलं होतं, की पेशंटनं स्वतः निदान सांगितलं, एक क्षण वाया गेला नाही. त्यांनी खूप वेळ प्रयत्न केले. जमलं नाही. पण मला त्या दिवशी ऐकू काहीच आलं नव्हतं. ते त्या मुलीच्या तोंडून ऐकू आलं. आपल्या घरात इतक्या पिढ्यांत पहिल्यांदा कोणीतरी कळ आल्यावर बसलं. अप्पांना तू बस म्हणालीस, ते बसले नाहीत. तू बसलीस. आणि काकू गावभर सांगत होती, उभ्यानं गेली.

मी तेव्हाच तिला म्हणायला हवं होतं का? म्हणालो नाही. तिचा नवरा, तिचा दीर आणि आता तू. तिच्या हातात त्या एका वाक्याशिवाय उरलं काय होतं? मी खंडेनवमीची वाट पाहिली.

या वर्षी आपल्याला सण नाही. गोडधोड नाही, तोरण नाही, दारासमोर कोहळा फोडला नाही. शेजारी गाड्यांना झेंडूचे हार घालत होते आणि तुझी स्कूटर कोपऱ्यात तशीच. पण काकूनं सकाळी कपाटावरून तलवार काढायला लावली. "सण नको. हत्यार मात्र उपाशी ठेवायचं नाही." पाटावर तलवार ठेवली, माझं गेज, सुजाताचा खडू. मी वर तुझ्या खोलीत गेलो आणि टेप घेऊन आलो, तुझी पिवळी, शिंप्याची, टोकाला झिजलेली. तलवारीशेजारी ठेवली. काकूनं ती पाहिली. कुंकवाचं बोट तिनं आधी तलवारीला लावलं, मग खडूला, गेजला. मग थोडा वेळ बोट तसंच हवेत राहिलं. मग टेपला लावलं.

त्या बोटानं मला धीर आला. मी म्हणालो, "काकू, एक सांगायचंय. सुमी उभ्यानं नाही गेली."

तिनं वर पाहिलं.

"कळ आली तेव्हा ती बसली. स्टूल ओढून बसली. मग आडवी झाली. कोणाला काय सांगायचं ते सगळं सांगितलं, आणि डॉक्टरच्या टेबलावर, झुंजून गेली. ती मुलगी आलेली ना छत्री घेऊन, तिनं सांगितलं. अप्पा उभे राहिले. काका उभे राहिले. ती बसली."

काकू खाली वाकली. पाटाच्या कडेचा तांदूळ बोटानं गोळा करत राहिली. मला वाटलं, चुकलं माझं, शेवटचा आधारही काढून घेतला म्हातारीचा. मग ती खाली पाहतच म्हणाली, "ह्यांना गाडीत जागा होती रे. एक बाई उठून म्हणाली होती, बसा. त्यांच्याबरोबर होते त्यांनी सांगितलं मला नंतर." थोड्या वेळानं, "बसले असते तर काय झालं असतं?"

"काय की, काकू. कदाचित काहीच नाही. कदाचित दवाखान्यापर्यंत पोचले असते."

"बसायचं होतं की मग," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला काकांवर चिडलेलं पाहिलं. चिडली आणि मोकळी रडली. मेघना तिच्याजवळ जाऊन बसली. मी कोणाला समजवायला गेलो नाही.

डोळे पुसून काकूच उठली. भिंतीपाशी गेली. "सुमीची खूण नाही इथं," म्हणाली, जणू आजच लक्षात आलं. "किती उंच होती ती?"

मला आकडा माहीत नव्हता, अक्का. आयुष्यभर मापं घेणाऱ्या माणसाला बहिणीची उंची माहीत नाही. काकू म्हणाली, "तू उभा राहा." मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. "तुझ्या कानापर्यंत यायची," काकू म्हणाली. "कानाच्या वर," मेघना म्हणाली, "आत्या मला हग करायची तेव्हा तिचं कपाळ माझ्या कपाळाला लागायचं." "वर नाही गं, इथं." "अज्जी, अजून वर." दोघी वाद घालत होत्या आणि काकूचं बोट माझ्या कानापाशी वर-खाली होत होतं. तू माझ्या शेजारी असल्यासारखं मी मान वळवून बघितलं, खरंच बघितलं. मग काकूनं स्वतः पेन्सिल घेतली आणि रेघ मारली. वाकडी आली. राहू दे म्हणाली.

मेघना तिथेच उभी होती. कोणी सांगितलं नाही, तिनं पाठ भिंतीला लावली. उंचीची रेघ झाली. मग तिनं दोन्ही हात पसरले, भिंतीला चिकटवून, बोटांच्या टोकांपर्यंत ताणून. टेपचं एक टोक मी धरलं. दुसरं टोक धरायला नेहमीसारखी तुला हाक मारणार होतो. काकूनं धरलं. खात्रीसाठी दोनदा मोजलं. हात उंचीपेक्षा लांब भरले.

"सोमवारी जाऊ," मेघना म्हणाली. "आत्याला 'खंडेनवमीला बघू' म्हटलं होतं मी."

ते तू म्हणाली होतीस. मी दुरुस्ती केली नाही.

आज सोमवार. तिथूनच आत्ता आलो. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर करडं काहीतरी उघडमीट करत होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मेघना मान वळवून तंत्रज्ञ बाईला विचारत होती, "कमान कुठे? छत्रीची मूठ?" त्या बाईनं हात थांबवला, हसली आणि म्हणाली, "तुम्ही सुमित्रा मॅडमच्या कोण?" मग तिनं पडद्यावरचा बाण फिरवून कमान दाखवली. वर चढणारी, वळणारी, आणि वळणावरच्या तीन शाखा. मेघनानं चादरीखाली तीन बोटं वाकवली, मला दिसलं. आणि माझ्या छातीतली टिकटिक त्या शांत खोलीत इतकी स्पष्ट येत होती, की बाईनं एकदा यंत्राकडे पाहिलं.

तिची फुगलेली आहे, अक्का. थोडीशीच. अगदी सुरुवात. डॉक्टर म्हणाले, फार चांगलं झालं लवकर आलात. गोळ्या सुरू, दर वर्षी माप, रेघेची वाट न बघता ऑपरेशनचं वेळेवर बोलू. व्हॉलीबॉल बंद. बाहेर येऊन ती कट्ट्यावर बसली आणि रडली, बराच वेळ, कोर्टासाठी, तुझ्यासाठी, मला सगळं कुठे कळतं. मी तिच्या शेजारी बसलो. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला सुचेना. मला तू हवी होतीस. मला अजूनही, या क्षणी, लिहिताना, तू फक्त इतकं विचारावंस असं वाटतं, "घेतलीस?"

मग काकूचा फोन आला. मेघनानं नाक पुसलं आणि स्पीकर लावला.

"काय म्हणाला गं डॉक्टर?"

"अज्जी, सांगते. आधी तू बस."

पलीकडे थोडी खुडबुड झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बसले बाळ," काकू म्हणाली. "आपल्या घरात बसतात आता. सांग."